म्यूनिकच्या बागेतला डबा

बाबा, मागच्या महिन्यात मी आईला घेऊन म्यूनिकच्या त्या मोठ्या बागेत जाऊन आले. ऑफिसच्या कामाचं निमित्त होतं, खरं कारण तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग गेला नव्हता, आणि तो मला तिथेच काढायचा होता.

पुण्याहून निघालेली आपली टूर आठवते ना? चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब लाकडी टेबलं, बिअरची रांग बघून तोंड वाकडं करणारे तुम्ही. मी कॉलेजात होते. आईला भूक लागली, तिने पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा काढला आणि तुम्ही सगळ्या टूरसमोर तिच्यावर खेकसलात, "बंद कर तो डबा! हे युरोप आहे, एसटी स्टँड नाही. इथे कुणी घरचं खात नाही." आईने झाकण लावलं. तिचे लाल झालेले कान मला अजून दिसतात. पुढे येईल त्या पाहुण्याला तुम्ही तो किस्सा रंगवून सांगायचात, आणि ती चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची.

तर ऐका. त्या बागेत घरचं खायची पद्धतच आहे. प्यायचं तेवढं तिथे विकत घ्यायचं, खायचं खुशाल घरून आणायचं. तिथल्या एका कलीगने मला हे सहज बोलता बोलता सांगितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इकडे अमेरिकेत, नोव्हायच्या माझ्या घरी मी स्वतः पुऱ्या तळल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आईला विमानात बसवलं. शेजारच्या टेबलावर एक आजीबाई घरून आणलेला टेबलक्लॉथ अंथरून मुळ्याच्या चकत्या मांडत होत्या. मी आमचा डबा मधोमध ठेवला आणि झाकण मुद्दाम आवाज करत उघडलं.

"बघ आई, सगळे घरूनच आणतात. बाबा टोटली राँग होते!"

आईने पुरीचा तुकडा मोडून चटणीला लावला. "माहितीये मला."

"व्हॉट? कधीपासून?"

"आपण परत आलो त्याच वर्षापासून. शेजारच्या काकूंचा जावई जर्मनीत होता ना, त्याने ह्यांचा किस्सा ऐकला आणि स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, ह्यांच्याजवळ बोलू नकोस."

"का पण? तोंडावर सांगायचं ना!"

"कशाला? जर्मनीला जाऊन आलेलं कुणी घरी आलं, की मीच विषय काढायचे. 'अहो, तो डब्याचा किस्सा सांगा ना.'" आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "कसले रंगात यायचे गं! आणि समोरचा बिचारा खाली मान घालून बसायचा."

मी एवढा समुद्र ओलांडून सूड घ्यायला गेले, आणि तिचा तर कधीच घेऊन झाला होता, आपल्याच दिवाणखान्यात, तुम्हाला आग्रह करकरून. मीही खूप हसले. तुमची चांगली जिरली होती आणि मला मनापासून आनंद झाला.

हे पत्र मी आता फाडून टाकणार आहे. घरी परतल्यापासून मला तुम्ही दिसता, पाहुण्यांसमोर हातवारे करून सांगत असलेले, आणि तुम्हाला हळूच खूण करून थांबवावंसं वाटतं. आईला मी हे सांगितलेलं नाही.