पाठ झालेला तक्ता

प्रिय चिमणे,

ओळी तिरक्या गेल्या असतील, हसू नकोस. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलेय. संध्याकाळी रस्त्यातल्या दिव्यांभोवती हल्ली इतकी सुंदर वलयं दिसतात, की समोरचा शिंपी, त्याची गिऱ्हाइकं, सगळी पाण्याखालून चालल्यासारखी वाटतात. खरं सांगते, ते बघत बसायला मला आवडतं. आधी वाटलं दुकानातला बल्ब मंद झालाय, म्हणून तो बदलला. मग काचा पुसल्या. मग म्हटलं, झोप पुरत नसेल.

लहानपणी चष्मा लागू नये म्हणून तू दुकानातला अक्षरांचा तक्ता पाठ केला होतास, आठवतं? शेवटची ओळ घडाघडा म्हणालीस, आणि मी तक्ता उलटा टांगल्यावर बोबडी वळली तुझी. बाबा पोट धरधरून हसले होते. तर आता ऐक. तुझी आई गेलं वर्षभर रोज दुकान उघडलं की त्याच खुर्चीत बसून तोच तक्ता वाचत होती, आणि डोळे ठणठणीत म्हणून खूश होत होती. तो मला पाठ आहे हे माहीत नव्हतं, असं कुठल्या तोंडाने म्हणू? माहीत होतं. फक्त तिकडे वळून बघायचं नाही, असं माझं माझ्याशीच ठरलं होतं.

परवा जुना तक्ता फाटला म्हणून नवा लावला. निवृत्त झालेले चित्रकलेचे सर नंबर काढायला आले होते. वाचायचं कसं ते दाखवायला मी ऐटीत शेवटची ओळ वाचली. ते हळूच म्हणाले, "बाई, यातलं एकही अक्षर तिथे नाही."

मोतीबिंदूच आहे. अख्ख्या गल्लीला मीच दटावून ऑपरेशनला पाठवते, मला कोणी वेगळं सांगायला नको. तेव्हापासून रोज ठरवून निघते आणि दवाखान्याच्या कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत येते. फ्रिजमध्ये आता कोथिंबिरीलाही जागा नाही. परतताना कारण दर वेळी अगदी पटण्यासारखं असतं. मला भीती वाटते गं, आहे तेवढाही उजेड गेला तर?

बाळाचा फोटो पाठवलास, तेव्हा मी फोनवर म्हणाले ना, नाक अगदी तुझंच? ते तुझंच होतं, मला पाठ असलेलं. फोटोत मला नुसता मऊसा उजेड दिसला. तुझ्या लेकीचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. म्हणून तिला घेऊन ये आणि मला हाताला धरून दवाखान्याच्या आत ने. दारात मी एखादं फार चांगलं कारण सांगेन. ते ऐकू नकोस.

वाट पाहणारी, तुझीच
आई