मामांची कुंडी अजून रिकामी आहे

ताकामात्सु,
हेइसेइ सहावे वर्ष (१९९४), ९ ऑक्टोबर

तीर्थरूप मामा,

कंबरेत वाकून नमस्कार. एप्रिलनंतरचं हे माझं पहिलं पत्र. मधल्या काळात तुमची कार्डं येत राहिली आणि प्रत्येक कार्डाच्या दिवशी मी रोजनिशीत ‘मामांना लिहिणे’ असं लिहून ठेवलं. लिहून ठेवलं की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं, म्हणून ते अर्धंच राहिलं. क्षमा करा. गुडघे कसे आहेत? डोंगरात थंडी सुरू झाली असेल, खोकल्याला जपा. डोळ्यांचं विचारत नाही, कारण मागे मोतीबिंदूचा विषय काढला तेव्हा ‘एक्क्याऐंशी वर्षं पाहिलं तेवढं पुरे, आता कुणासाठी कापायचे डोळे?’ असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. (तुमची अक्षरं आता कार्डाची ओळ सोडून तिकिटावर चढतात. आमच्या पोस्टमनला त्याची सवय झाली आहे, मला नाही.)

प्रत्येक कार्डावर प्रश्न एकच: ‘पाइन कुंडीत लावलंस का? अजून थोडं दिसतंय तोवर फोटो पाठव.’ त्याचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण तो शब्द लिहिण्याआधी माझी बाजू ऐकून घ्या.

मार्चमध्ये तुमच्या घरामागच्या उतारावर रस्तेवाले सिमेंट ओतणार म्हणून तुम्ही मला बोलावलंत आणि आपण ते झाड काढलं. म्हणजे मी खणत होतो आणि तुम्ही खडकावर बसून ओरडत होतात. ‘दाढी केल्यासारखं खण! खंदक नकोय!’ झाड माझ्या कमरेएवढंसुद्धा नाही. पण तुम्ही म्हणालात की सहा वर्षांचे असताना तुम्ही जेवणाचं गाठोडं याच फांदीला अडकवत होतात आणि ती फांदी तेव्हाही एवढीच होती. तुमचं अख्खं आयुष्य होऊन गेलं आणि त्या झाडाने त्याची दखलसुद्धा घेतलेली नाही. मुळांनी एक दगड मुठीत धरावा तसा धरला होता. तो सोडवायला गेलो तर तुम्ही केवढ्याने ओरडलात, ‘असू दे! ते त्याचं सामान आहे!’

परतीच्या बसमध्ये ओल्या चटईत गुंडाळलेलं ते झाड छातीशी धरून मी उभा होतो. एक म्हाताऱ्या बाई उठल्या. मला वाटलं, माझी दया आली. त्या म्हणाल्या, ‘यांना बसू द्या. मी काय, पुढे उतरतेच आहे.’ झाड बसलं. मी उभाच राहिलो. त्यात मला काही गैर वाटलं नाही, हेच मला नंतर गैर वाटलं.

आमच्या गल्लीत कुरामोतो नावाचे न्हावी आहेत. दुकानात खुर्च्या दोन, परसात बोन्साय पाइन दोनशे. झाड पाहून त्यांनी टोपी काढली आणि ते नुसते उभे राहिले. आत खुर्चीवर तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक वाळत होतं. मी मोठ्या अभिमानाने तुमची कुंडी पुढे केली. (ही कुंडी तुम्ही याच झाडासाठी तरुणपणी घेतलीत आणि खणायचा धीर होईना म्हणून ती माळ्यावर राहिली, हेही सांगितलं. ‘झाड डोंगरावर, कुंडी माळ्यावर, आणि नवरा मधल्या मध्ये’ असं मामी म्हणायच्या, ते सांगितलं नाही.) कुरामोतो म्हणाले, ‘मास्तर, डोंगरावरून पडलेल्या माणसाला तुम्ही इस्पितळात नेता की लग्नाच्या मांडवात?’

मग त्यांनी संत्र्यांचं एक लाकडी खोकं आणलं, तळाला भोकं पाडली आणि माती म्हणून चक्क हलके सच्छिद्र खडे ओतले. ते खडे जेवणाच्या काडीने मुळांच्या सांदीसांदीत भरायला मला बसवलं. दगडाच्या मागे मला पांढरी बुरशी दिसली. मी ब्रश घेऊन आलो. (आमच्या घरात बुरशी दिसली की ब्रश आणायचा असतो, तसा तुमच्या भाचेसुनेचा, मित्सुएचा, नियमच आहे.) कुरामोतोंनी माझं मनगट धरलं. ‘अहो, डोंगरावर ती बुरशी त्याला जेवायला वाढत होती. तुम्ही स्वयंपाकीणच घासून काढताय!’ शेवटी वाऱ्याने मूळ हलू नये म्हणून खोडाला चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या. तो आपला पूज्य वृद्ध पकडलेल्या चोरासारखा दिसायला लागला. कुंडीत कधी लावायचं, असं विचारलं. ‘चार-पाच वर्षांनी. तोवर त्याला थोडं पाणी, थोडी सावली, खत अजिबात नाही, आणि तुम्ही लांब.’ जगेल ना, असं विचारलं. ‘सांगता येत नाही. पाइन मेलं तरी वर्षभर हिरवंच राहतं.’

मामा, त्या दिवसापासून माझा हिरव्या रंगावरचा विश्वास उडाला. रोज सकाळी झाडासमोर उभा राहतो आणि रोजनिशीत लिहितो: हिरवं आहे. पुढे प्रश्नचिन्ह. मे महिन्यात शेंड्यांवर मेणबत्त्यांसारखे कोवळे कोंब उभे राहिले तेव्हा मी चपला न घालताच न्हाव्याकडे धावलो. ते म्हणाले, ‘ती मागची शिल्लक आहे. पुढच्या वर्षी आले तर सांगा.’ मागच्या आठवड्यात आतल्या बाजूच्या सुया पिवळ्या पडून गळाल्या. पुन्हा धावलो. ‘मास्तर, याला शरद ऋतू म्हणतात.’ मी शाळेत भूगोल शिकवतो, हे त्यांना माहीत आहे.

उन्हाळ्याचं काय सांगू? इकडे काय हाल झाले ते तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. नळाला दिवसातून जेमतेम पाच तास पाणी. उदोन नूडल्सची दुकानंसुद्धा दुपारीच दार लावायची, आणि ताकामात्सुत याहून मोठं संकट नाही. आंघोळीच्या हौदातलं पाणी संडासाला, भाज्या धुतलेलं पाणी अंगणाला. आणि मी सकाळ-संध्याकाळ पाइनच्या सुयांवर फवारा मारत होतो. मित्सुए म्हणायची, ‘बायकोला केस धुवायला तांब्याभर, आणि त्या खोक्याला दोन वेळा अभिषेक!’ मग मी माझ्या वाट्याच्या आंघोळी सोडल्या. हा त्याग मी मनात मोठा मानत होतो, पण स्टाफरूममध्ये कुणी तसं मानलं नाही. शेजारच्या आजी एकदा कुंपणापाशी उभ्या राहून माझा फवारा पाहत होत्या. मी शरमेने बाटली मागे लपवली. दुसऱ्या दिवशी कुंपणावर तांदूळ धुतलेल्या पाण्याचा एक डबा होता. त्यावर चिठ्ठी: ‘तुमच्याकडच्या आजोबांना.’ (तांदळाचं पाणी चालत नाही म्हणे. मी ते ओवाळल्यासारखं जवळ नेलं आणि मग मुळ्यांच्या वाफ्यात ओतलं. हे आजींना सांगावं की नाही, अजून ठरत नाही.)

तर मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. झाड खोक्यात आहे. कुंडीत आमची मांजर झोपते. तिच्या अंगाला कुंडी इतकी बरोबर बसली आहे की तुम्ही ती तिच्यासाठीच घेतली होतीत असा तिचा समज आहे. पण परवा पहाटे पाहिलं तर खोडाला बांधलेल्या दोऱ्यांवर कोळ्याने जाळं विणलं होतं, त्यावर दव होतं, आणि ते झाड एवढ्याशा खोक्यात अख्खा डोंगर घेऊन उभं होतं. ते आमच्याकडे राहायला आलेलं नाही. आम्ही त्याच्या पायथ्याशी राहायला गेलो आहोत. फवारा हातात तसाच राहिला. त्या दिवशी रोजनिशीत मी प्रश्नचिन्ह घातलं नाही.

थंडीला जपा.

तुमचा भाचा,
तेत्सुरो

ता. क. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि पत्र खरं तर त्यासाठीच लिहिलं. गेल्या आठवड्यात मित्सुए आणि मी एक फोटो काढला. खोकं मागे, कुंडी बरोबर त्याच्या पुढे, खोकं झाकेल अशी. झाड कुंडीतच आहे असं वाटतं. मित्सुए म्हणाली, ‘मामांना कुठे एवढं दिसतंय.’ नेमकं तेच वाक्य मला टोचलं. ज्याला दिसत नाही त्यालाच फसवायचं? फोटो माझ्या खणात आहे, तो पाठवणार नाही. त्याऐवजी विनंती: डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या. इथे या, आमच्याकडे राहा. झाडाला घाई करता येत नाही, म्हणून तुम्हालाच थांबायला सांगतो आहे. ते कुंडीत तुमच्या हातांनीच लावायचं आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात तुमचा फोन आला, त्यामुळे वरच्या सगळ्याला आता अर्थ राहिलेला नाही. तरी पाठवतो, कारण लिहिलं आहे. फोटो खणात नव्हता. मित्सुएने तो गुरुवारीच नूडल्सच्या खोक्यात घालून तुम्हाला पाठवला होता. (म्हणाली, ‘तुम्ही योग्य-अयोग्य ठरवत बसला असतात आणि तिकडे मामा आंधळे झाले असते.’) तुम्ही फोनवर जे म्हणालात ते विसरू नये म्हणून इथे उतरवून ठेवतो. ‘कुंडी छान दिसते. पण ती झाडाच्या पुढे का उभी आहे? आणि गाढवा, झाड पाहुण्यांकडे पाठ करून ठेवलंयस! ती वाळलेली पांढरी फांदी माझ्या डाव्या हाताला असते. आयुष्यभर डाव्या हाताला!’ तुम्हाला दिसलं कसं, असं मी विचारलं. ‘दिसतंय कुठे! नाकाला लावला फोटो. पांढरं कुठल्या हाताला आहे ते कळायला डोळे कशाला लागतात?’ मग मी धीर करून चार-पाच वर्षांचं सांगितलं. तुम्ही तिकडे मोठ्याने मोजलंत: ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी. मग म्हणालात, ‘म्हणजे डोळे करून घ्यावेच लागणार. नाहीतर तो न्हावी भलतीकडेच तोंड करून लावील. येतो मी. तोवर त्याला फिरवायचं नाही, समजलं? मी दाखवीन.’

समजलं, मामा. मांजर कुंडीतून उठायला तयार नाही, पण तिच्याकडेही अजून वेळ आहे.

उद्याचं काम: झाडाला हात न लावणे.