आळीतला खांदा

॥ श्री ॥
मु. विदरली, इंग्लंड
ता. २० ऑक्टोबर १९४०

ती. मालूताईस दीनानाथचे शि. सा. न. वि. वि.

किती महिने झाले, तुझं पत्र नाही. शेतकीची परीक्षा आटोपली, पण लढाईमुळे बोटीत जागा मिळेना, म्हणून हॉकिन्स सुताराच्या घरीच पडून आहे. गाव भोरच्या एका आळीएवढं. बायका सैनिकांसाठी एकत्र बसून मोजे विणतात आणि विणता विणता एकमेकींच्या सुनांना उसवतात. आपल्या नीरेच्या घाटावरच्या बायका इथे सहज रमतील! बाकी सगळं गाव थकलंय, मीही.

एक पेच पडला आहे. हॉकिन्स अंथरुणाला खिळलाय. इथे मेलेल्याला त्याच्या आळीतल्या पुरुषांनीच खांद्यावरून न्यायची रीत. त्याचे दोन्ही मुलगे लढाईवर, आळीत धडधाकट माणूस उरलेला नाही. त्याने माझा हात धरून विचारलं, की तू आता आमच्या आळीतलाच, तू खांदा देशील ना. पण बाप हयात असलेल्याने स्मशानाची वाट धरू नये, असं अप्पांनीच बजावलेलं. त्यांना विचारून कळव. ते नको म्हणाले तर म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू?

अप्पांना साष्टांग नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दीनानाथ

॥ श्री ॥
भोर, ता. ६ जानेवारी १९४१

चि. दीनानाथ यास अनेक आशीर्वाद.

म्हणजे माझं श्रावणातलं पत्र तुला पोचलंच नाही. बोटीबरोबर बुडालं असेल. दिन्या, अप्पा गेले. हे दुसऱ्यांदा लिहायला हात उठत नाही. तापाच्या भरात विचारत होते, दिन्याची बोट नसरापूरच्या मोटारफाट्याला लागली का. मी हसले, आणि आत जाऊन रडले.

साथीने निम्मी आळी आडवी होती. खांद्याला माणूस कमी पडला. तेवढ्यात आपली जमीन कसणारा गेनबा पासलीहून चिखल तुडवत आला. जातीवरून भटजी कुरकुरले. गेनबा म्हणाला, की लेक हितं न्हाई तर म्या हाय की, अप्पांचं वझं मला जड न्हाई. मग मीच भटजींना गप्प केलं. एरवी मी किती मुखदुर्बळ, तुला ठाऊक आहे.

तेव्हा विचारायला आता कोणी उरलं नाही. थोरली म्हणून मी सांगते, म्हाताऱ्याला नाही म्हणू नकोस. फार थकले आहे रे. बोट मिळेल तेव्हा ये, तोवर जिवाला जप, एवढंच मागणं.

तुझी,
मालूताई

॥ श्री ॥
विदरली, ता. ५ एप्रिल १९४१

ती. मालूताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात हॉकिन्स गेला. त्याच्या बायकोने मला त्याचाच काळा कोट घालायला दिला. लढाईमुळे चर्चची घंटाही बंद.

चर्चच्या फाटकापर्यंत माझ्या खांद्यावर हॉकिन्स होता. तिथून पुढे, ताई, अप्पाच होते. माझ्या तोंडून मोठ्याने रामनाम निघालं. पुढचा म्हातारा लोहार वळला नाही. माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालत राहिला.

गेनबा भोरला आला की त्याला ओसरीवर थांबवू नकोस. आत बोलावून अप्पांच्या पाटावर बसव आणि पोटभर जेवू घाल. भटजींना काय म्हणायचं ते म्हणू देत. लोभ आहेच, तो असाच राहो.

तुझा,
दीनानाथ