अक्का, मी तिला एकटीला सोडलं

अक्का, काल मी एका बाईला तिच्या गेलेल्या नवऱ्याजवळ एकटीला सोडलं. खोलीतल्या सगळ्या बायका बाहेर काढल्या, दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावून स्वतः उभी राहिले. तुम्ही असता तर मला तिथल्या तिथे झापलं असतंत. माझं मलाच अजून खरं वाटत नाही. सकाळी गॅससमोर उभी असताना डोळ्यांदेखत दूध उतू गेलं आणि मी नुसती बघत राहिले. सून म्हणाली, "आई, बरं नाही का?" बरं आहे, फक्त हादरले आहे. आणि हे नीट सांगायचं तर तुमच्याशिवाय कोणाला सांगू? बाकीच्या सगळ्या काल तिथेच होत्या.

लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. मी कानडी शाळेत तिसरीपर्यंत गेलेली, मराठी नुसती बोलणारी. चिकपेटेतल्या दुकानामागचं तुमचं ते स्वयंपाकघर, पोळपाटावर पीठ पसरलेलं, आणि तुम्ही म्हणताय, "काढ अक्षर." मी काढते. तुम्ही लाटण्याने माझ्या बोटांवर टिचकी मारता. "हे ळ काढलंस का जिलबी?" मग मला हसू येतं, तुम्हाला येत नाही. पोळ्या होईपर्यंत चार अक्षरं झालीच पाहिजेत. मला वाटायचं, ही बाई मला कामाला लावायला शिकवते आहे. तसं होतंच म्हणा. मंडळाचे निरोप लिहायला कोणीतरी हवं होतं तुम्हाला.

मंडळाचं काम अजून तेच आहे. या कानडी गावात आपल्या मराठी माणसांत कोणी गेलं की पहिल्यांदा आपण पोचायचं, नातेवाईक गावाहून येईपर्यंत ते घर आपण धरायचं. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून चहा आपण न्यायचा. त्यासाठी तुम्ही मला थर्मास दिला होतात, निळा, झाकणावर तुमचं नाव कोरलेला. मी म्हटलं, "मला कशाला, तुम्ही आहात की." तुम्ही म्हणालात, "मी काय जन्मभर आहे का? घे." तो अजून वापरते. आतली काच बदलून घेतली.

आणि तुमचा नियम. नवरा गेलेल्या बाईला एक क्षणही एकटीला सोडायचं नाही. दोघींनी दोन बाजूंना बसायचं, हात धरायचे. कोणी कितीही म्हणालं तरी सोडायचे नाहीत. हा नियम उगाच आला नव्हता. तुमच्या सुरुवातीच्या दिवसांत एक पोरसवदा मुलगी अशी एकटी सुटली आणि मागच्या विहिरीच्या काठावर सापडली. वाचली, पण तुम्ही धसका घेतलात. "दुःखातल्या बाईचं ऐकायचं नसतं, तिला सांभाळायचं असतं," असं तुम्ही म्हणायचात. मी हे कधी तपासून पाहिलं नाही. सूर्य उगवतो तसं ते होतं.

आता ही ट्रेनिंगची भानगड. मी मंडळाची सेक्रेटरी आहे, हसू नका, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. मोठ्या हॉस्पिटलात आपल्याला आत जायचा पास आहे, गावाहून आलेल्या लोकांजवळ बसायला. तिथे नवे साहेब आले. ते म्हणाले, प्रत्येक संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने परदेशातलं एक ट्रेनिंग पास केलं पाहिजे, नाहीतर पास बंद. ट्रेनिंगला कुठे जायचं नाही, ते कॉम्प्युटरवर येतं. फोनच्या तारेतून. तुम्हाला हे कसं समजावू, मलाच समजलेलं नाही. आमच्या बनशंकरीच्या घराच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी भाड्याने राहते, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आहे. कॉम्प्युटर तिच्याकडे, फोन माझ्याकडे. म्हणून माझ्या खिडकीतून तिच्या खिडकीत वायर नेली. ती इंग्रजी वाचून मराठीत सांगणार, मी उत्तर देणार, ती बटण दाबणार. पहिल्या दिवशी त्या मशीनने असा काही आवाज काढला की मी खुर्ची मागे सरकवली. ती म्हणाली, "काकू, घाबरू नका, कनेक्ट होतंय."

"कनेक्ट होऊ दे. पण माझा फोन बंद राहतो त्याचं काय? मंडळाचे निरोप त्यावरच येतात."

"थोडाच वेळ, काकू. प्रॉमिस."

काल सकाळी तिने प्रश्न वाचला. एका बाईचा नवरा नुकताच गेलाय, तुम्ही घरात शिरलात, पहिल्यांदा काय कराल? धीर द्याल, तिला एकटीला सोडणार नाही, घरकाम हातात घ्याल, की तिला विचाराल, तुम्हाला आत्ता काय हवंय?

"एकटीला सोडणार नाही," मी म्हटलं. "यात विचारायचं काय आहे? पुढचं घे."

तिने दाबलं. लाल फुली आली.

"राँग आहे, काकू."

"परत दाब."

"परत दाबलं तरी राँगच येणार. एक्स्प्लनेशन वाचू का? ते म्हणतात, समोरच्याला काय हवंय हे आपल्याला माहीत आहे असं धरून चालू नका. विचारा, आणि सांगेल ते ऐका."

"हे लिहिणाऱ्याच्या घरात कधी कोणी गेलंय का? नवरा गेलेल्या बाईला काय हवंय ते सांगायची शुद्ध असते?"

पोरगी शांतपणे म्हणाली, "तुम्ही कधी विचारून पाहिलंय?"

अक्का, मी तिला फाडूनच खाणार होते. इतक्या वर्षांत इतकी घरं केली, आणि ही मला विचारते. तोंड उघडलं आणि लक्षात आलं, खरंच कधी विचारलं नव्हतं. तेवढ्यात खाली दार वाजलं. दोन गल्ल्या सोडून राहणारा दुकानदार, चिकपेटेत भावाबरोबर साड्यांचा होलसेल करतो तो, घामाघूम उभा. "वहिनी, केव्हाचा फोन लावतोय, सारखा एंगेज. दादा गेला. झोपेतच."

मी वरच्या मुलीला हाक मारून वायर काढायला लावली, थर्मास भरला, दुपट्यात कप गुंडाळले आणि निघाले.

मंडळातली आपली थोरली, तुमच्या हाताखाली तयार झालेली, माझ्या आधी पोचली होती. सगळं नियमाने चाललेलं. गेलेल्या दादांना मधल्या खोलीत सतरंजीवर ठेवलेलं, आणि त्यांची बायको, ती उंच, कमी बोलणारी बाई, दोघींच्या मध्ये बसलेली, दोन्ही हात दोघींनी धरलेले. मी समोर बसले. पाठीवर हात फिरवायला हात उचलला आणि ती लाल फुली डोळ्यांसमोर आली. तोंडातून निघून गेलं, "तुला आत्ता काय हवंय गं?"

सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी तिला बाजाराला येतेस का विचारलं. तिने मान वर केली.

"खरंच विचारताय?"

"हो."

"चहा द्या. दोन कप. आणि या सगळ्यांना बाहेर घेऊन जा. मला यांच्याशी बोलायचंय."

थोरली माझ्या कानाशी आली. "डोकं फिरलंय तिचं. हात सोडू नका." दारातून तिचा दीर मला म्हणाला, "वहिनी, गाडी आलीय, भटजी थांबलेत, आता हे काय?" मला ती विहिरीकाठची मुलगी दिसायला लागली. मी तर तिला पाहिलेलंही नाही, तुम्ही सांगितलेलीच. मी त्या बाईच्या डोळ्यांत बघितलं. ती भ्रमिष्ट नव्हती. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, दुकानात गिऱ्हाईक भाव ऐकायची वाट बघतं तशी.

"कडी लावायची नाही," मी म्हटलं.

"नाही लावत."

मी दोन कप ओतले, एक तिच्यापुढे, एक त्यांच्या उशाशी, आणि सगळ्यांना उठवलं. थोरली उठेना. "अक्कांनी हे चालवून घेतलं असतं का?" तिने सगळ्यांसमोर विचारलं.

"अक्का नाहीत. मी आहे. ऊठ."

हे मी म्हटलं, अक्का. माझ्याच तोंडाने.

दार लोटलं. बराच वेळ आतून काहीच नाही, आणि मला वाटतंय, मी काय करून बसले. मी कान लावून आहे, कप पडल्याचा आवाज येतो का, पंख्याखाली खुर्ची सरकते का. मग तिचा आवाज आला. ती रडत नव्हती. ती त्यांना झापत होती. "गोळी घेतली का विचारलं की हो म्हणायचात. आज गादी उचलली, खाली सगळ्या गोळ्या. मला फसवलंत होय?" मग आवाज खाली गेला, शब्द कळेनात. मग ती हसली. खरंच हसली, स्वल्पच, नाकातून. बाहेर बायकांची तोंडं पांढरी पडली. मीही हादरले. माणूस जमिनीवर आहे आणि बायको हसते आहे. आणि दीर, जो सारखा घड्याळ बघत होता, तो पायरीवर बसला. म्हणाला, "एवढ्या वर्षांत वहिनी दादाला कधी मोठ्याने बोलली नाही." घड्याळाकडे त्याने परत बघितलं नाही.

दार तिनेच उघडलं. केस नीट बांधलेले, पदर खोचलेला. "सरी, झालं माझं. न्या आता." माझ्या हातात कप दिले. दोन्ही रिकामे. मी कपांकडे बघते आहे हे तिने बघितलं. "त्यांचा मीच प्यायले," ती म्हणाली. "गार झालेला चहा त्यांना चालत नसे."

कप धुताना मला तुमचा दिवस आठवला. तुमचे यजमान गेले तो. मी मागच्या अंगणात चहा गाळत होते, खोलीत नव्हते. तुमच्या दोन्ही बाजूंना थोरली आणि आणखी एक बसलेल्या, हात घट्ट धरून. तुम्ही म्हणालात, "जरा बाहेर बसा गं." हळू म्हणालात, पण अंगणात मला ऐकू आलं. आणि थोरली म्हणाली, "अक्का, तुमचाच नियम आहे." त्यावर तुम्ही पुन्हा मागितलंही नाहीत. त्यानंतर तुम्ही कोणाच्याही घरी पहिल्या दिवशी गेला नाहीत, आम्हाला पाठवायचात आणि तिसऱ्या दिवशी यायचात. आम्ही म्हणायचो, वय झालं, जिने चढवत नाहीत. अक्का, जिने चढवत होते की तुम्हाला. चिकपेटेतला तुमच्या घराचा जिना तुम्ही शेवटपर्यंत चढत होतात. हे मला काल, दुसऱ्याच्या मोरीत उकिडवं बसून, हातात साबण असताना कळलं. तुम्हाला त्यांना काय सांगायचं होतं? झापायचं होतं की अजून काही? आता कोण सांगणार.

आज सकाळी वरच्या मुलीने उरलेलं ट्रेनिंग करून घेतलं. मी पास झाले. हॉस्पिटलचा पास राहिला. ती म्हणाली, "काकू, पार्टी पाहिजे," मी म्हटलं, आधी वायर काढ. पण खरी परीक्षा दुपारी होती, मंडळाच्या बैठकीत. थोरलीने विषय काढलाच. सगळ्या बायका तिच्या बाजूला. परदेशातल्या कॉम्प्युटरने सांगितलं म्हणून आपली रीत सोडायची का, असं तिने विचारलं, आणि तिचं चूकही नव्हतं. मला दिसत होतं, आता मी माझं म्हणून काही बोलले तर उद्याच्या बाईचे हात पुन्हा दोन्ही बाजूंनी धरले जाणार. मी म्हटलं, "कॉम्प्युटरचं सोडा. अक्कांनीच मला शेवटी शेवटी सांगितलं होतं. पहिल्यांदा विचारायचं, तुला काय हवंय, आणि सांगेल ते करायचं."

थोरलीने पदराने डोळे टिपले. "अक्का पुढचं बघणारी बाई," ती म्हणाली. कधी सांगितलं, कुठे सांगितलं, कोणीही विचारलं नाही. नियम बदलला.

तेव्हा हे पत्र कुठेही जाणार नाही. तुमचा तर पत्ता नाही, आणि सुनेच्या हाताला लागलं तर उद्या मंडळात पोचेल. वाचून झालं की बंबात घालीन. तुम्ही मला असलं काही कधीच सांगितलं नव्हतंत, हे तुम्हाला माहीत आहे आणि मला.