मागच्या सीटखालचा डबा

अण्णा, सोमवारी, दहा फेब्रुवारीला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, पोलादपूरच्या गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकांसमोर मी एका भल्या माणसाला खोटारडा म्हटलं. दोष तुमचा आहे. तुमची फियाट त्याने पार खोलून, गंज काढून पुन्हा जोडली आणि किल्लीबरोबर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत अकरा सुटे भाग. "एवढं उरलं? गाडी जोडलीत की भेळ कालवलीत?" मी विचारलं. "बाई, आमचं काय उरलं नाय. डबा तुमच्याच मागच्या सीटखाली व्हता." पुढे मी जे बोलले, ते कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ऐकलं असतं तर या वयातही मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पण तुमच्या गाडीत उरलेला भाग? आठवतं? मी बारा वर्षांची आहे, महाडच्या तुमच्या गॅरेजात दाराचं कुलूप जोडून झालंय आणि तळहातावर एक स्क्रू उरलाय. "उरलं म्हणजे चुकलं. खोल परत." आई जेवायला हाका मारतेय, तुम्ही जागचे हलत नाही. काढलेला बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा, बारीक भागाला तारेने पुठ्ठा बांधून त्यावर जागा लिहायची, हा तुमचा शिरस्ता. म्हणून पोलादपूरच्या त्या माणसाचं मी ऐकलंच नाही.

घरी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून अकराही भाग मांडले. दहा तासाभरात ओळखले: काचेच्या हँडलची क्लिप, वायपरचं बुश, असेच. एकावरही घासल्याची खूण नाही, म्हणजे कोरे, जादा आणून ठेवलेले. अकरावी एक वाकडी लोखंडी पट्टी. तिच्या भोकांभोवती बोल्ट आवळल्याचे वळ होते. आणि तिला बांधलेल्या पुठ्ठ्यावर, तुमच्या अक्षरात, नुसतं प्रश्नचिन्ह.

मी बॉनेट उघडलं. कुलपामागे दोन रिकामी भोकं. पट्टी चपखल बसली. बॉनेट जन्मभर खडखडायचं आणि तुम्ही रस्त्याला शिव्या घालायचात! काल पोलादपूरच्या फाट्यापर्यंत जाऊन आले, हूं की चूं नाही.

शुक्रवारी पाच वाजता मी त्या माणसाची माफी मागायला जाणार आहे. त्याआधी, चारच्या आत, तुमचा खुलासा मला हवा: ती पट्टी कधी उरली, आणि मला का सांगितलं नाहीत? तुम्ही गेलात तिथे टपाल पोचत नाही, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, एवढं मला कळतं. मुदत तीच राहील. आणि खुलासा लेखीच हवा. तोंडी सांगितलात, तर तुमचा आवाज ऐकूनच मी सगळं सोडून देईन.