मिओरीच्या गालांवरचा रंग

४ नोव्हेंबर
पोचले. सेन्सेई स्वतः स्टेशनवर आल्या होत्या. नाव उगाजिन शिझुए, वय सत्तरीच्या पुढे. गावातल्या तीन पिढ्यांचे फोटो त्यांनी काढलेत, म्हणून सगळं गाव त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरूच, म्हणतं. माझी बॅग हिसकावून घेत म्हणाल्या, ओसाकाची माणसं एवढंसंच सामान आणतात, पळून जायची सोय ठेवूनच येतात. मी खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. घटस्फोटानंतर माझी बॅग उचलायला कुणी पुढे आलं नव्हतं.

खाली स्टुडिओ, वर घर. मुलगी मिओरी पस्तिशीची असेल, गिऱ्हाइकांना किमोनो नेसवते. गाल थंडीतल्या सफरचंदासारखे. रात्री तिघींनी एकाच भांड्यातून कॉड माशाचा ऊन ऊन रस्सा खाल्ला. मिओरीनं माशाचा चांगला तुकडा न विचारता माझ्या वाडग्यात टाकला. समुद्राचा आवाज खोलीपर्यंत येतो. मला इथे राहायला आवडेल.

७ नोव्हेंबर
माझं काम फोटोंच्या रंग दुरुस्तीचं. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नटवून देवळात नेण्याचे हे दिवस, त्यामुळे गर्दी आहे.

रोज दुकान उघडण्याआधी मिओरी हातात राखाडी कार्ड धरून स्टुलावर बसते, सेन्सेई तिचा एक फोटो काढतात आणि मी तो कॉम्प्युटरवर उघडून दिवसाचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग खरे दिसण्याचं माप, ठरवते. कॅमेऱ्यावर ५२०० लावलेलं असतं. सॉफ्टवेअर त्याच फोटोला ४९५० म्हणतं आणि किंचित गुलाबीकडे झुकवतं. ओसाकालाही असंच व्हायचं. कॅमेरा मागच्या पडद्यावर आपल्या मनासारखं चित्र रंगवून दाखवतो. रॉ फाइलमध्ये मात्र नुसता आलेला प्रकाश असतो आणि सॉफ्टवेअर तो स्वतःच्या नजरेनं वाचतं. तरी सेन्सेईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “दोन दुकानांतले काटे वेगळे, म्हणून तांदूळ कमी होतात का गं? आकडे नको बघूस, कानाए-चान. चेहरा बघ.”

मिओरीचा चेहरा जरा निळसर आला होता. फक्त चेहऱ्यावर सॉफ्टवेअरचा ब्रश फिरवून ऊब, म्हणजे पिवळसर-तांबूस छटा, वाढव, असं त्यांनी सांगितलं. वाढवली. चहा घेऊन आलेली मिओरी पडद्यात डोकावली आणि म्हणाली, वा, आता जिवंत दिसतेय.

२१ नोव्हेंबर
आज एक गोष्ट लक्षात आली आणि मन तिथेच अडकलं. मिओरीच्या हातातलं कार्ड अगदी नेमकं राखाडी येतं. कार्डावर आणि चेहऱ्यावर प्रकाश एकच. दोष आकड्यांचा असता तर कार्डही निळं यायला हवं. निळा येतो तो फक्त चेहरा. लहान मुलांचे चेहरे मात्र छान येतात.

मिओरीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, लहानपणापासून माझं रक्तच पाणचट. मग माझे हात हातात घेऊन म्हणाली, तूच किती गारठलीयस, आणि स्वतःच्या खिशातली हात शेकायची गरम पुडी माझ्या खिशात सरकवली. इतकी माया मला झेपत नाही. डोळे भरून येतात.

५ डिसेंबर
सार्वजनिक न्हाणीघरात गेले होते. मी हौदात उतरले तशी शेजारची म्हातारी सरकली. मग आणखी सरकली. शेवटी ओरडलीच, “अगं बाई, बर्फाचं दुकान बरोबर घेऊन येतेस का? पाणी गार केलंस की सगळं!” बायका हसल्या. मीही हसले. पण माझ्याभोवतीच्या पाण्याची वाफ खरंच थांबली होती.

१७ डिसेंबर
मिओरी रोज आदल्या दिवसापेक्षा निळी येते. रोज ऊबेची पट्टी आणखी पुढे ओढावी लागते. ती मात्र तरतरीत आहे, जिना गाणं म्हणत चढते.

सकाळी चहानं ओठ भाजला. मला कळलं नाही. सेन्सेईंनीच फोड दाखवली. त्यांना नवल वाटल्यासारखं दिसलं नाही.

२५ डिसेंबर
सेन्सेई बाहेर गेल्या होत्या. स्टुलावर बसून कार्ड हातात धरून स्वतःचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ठीक होते. सॉफ्टवेअरमध्ये उघडला.

कार्ड राखाडी. चेहरा निळा. ब्रश फिरवला, ऊब शेवटच्या टोकापर्यंत ओढली. आकडा सरकला. चेहरा बदलला नाही.

२८ डिसेंबर
आज मिओरीचा फोटो दुरुस्त केला नाही. केला म्हणून सांगितलं.

दुपारी एका मुलीच्या किमोनोचा ओबी, कमरेचा रुंद पट्टा, बांधता बांधता ती खाली बसली. ओठ काळे पडले. सेन्सेईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी धावत जाऊन चेहऱ्यावर ऊब ओढली. मिओरी उठली, भूक लागली म्हणाली. आणि त्याच क्षणी माझी बोटं पांढरी, गार पडली.

म्हणजे ती ऊब सॉफ्टवेअर देत नाही. मी देते.

सेन्सेईंना माहीत होतं. स्टेशनवर बॅग घेतली तेव्हाही. मिओरीला बिचारीला कल्पना नसणार. तिला सांगवत नाही.

एकच आधार आहे. रॉ फाइल कधी बिघडत नाही. सगळी दुरुस्ती वरवर मांडलेली असते. एक बटण दाबलं की मूळ फोटो परत. माझं मला परत घेता येईल. पण मग मिओरी —

नवं वर्ष तरी तिला बघू दे.

११ जानेवारी
भिंतीपलीकडून ऐकू आलं. आवाज मिओरीचा. नेहमीचा, मायेचा.

“आधीच्या त्या सेंदाईच्या पोरीपेक्षा ही ऊबदार आहे गं, आई. उन्हाळ्यापर्यंत पुरेल.”

सेन्सेई म्हणाल्या, हळू बोल. ती म्हणाली, अगं, तिला कळलं तरी ती जायची नाही. तिला कुणी नाही. चार गोड शब्द बोललं की बसते.

माशाचा तुकडा. गरम पुडी. सगळं —

१४ जानेवारी
सकाळी मुद्दाम मिओरीशेजारी जाऊन बसले. तिनं माझे केस विंचरले. आरशात तिचे गाल बघत राहिले. विचारायचं होतं. विचारलं नाही. ती म्हणाली, छान दिसतेस.

उद्या बटण दाबणार. तिचं काय व्हायचं ते होवो.

१५ जानेवारी
मूळ फाइलींची डिस्क जागेवर नाही. कॉम्प्युटरमध्ये नुसते दुरुस्त केलेले फोटो. परत न्यायला खाली काही उरलेलंच नाही.

मिओरीला विचारलं. सहज म्हणाली, आज देवळात होळी ना, नव्या वर्षाचं तोरण, जुन्या बाहुल्या, फोटो जाळायची. माणसांचे चेहरे कचऱ्यात टाकू नयेत. आई दर वर्षी डिस्क तिथे देते. सकाळीच गेली.

खिडकीतून धूर दिसतो. उठायला गेले. पाय —

तिनं शेगडी जवळ ओढली. मी हात निखाऱ्यावर धरला. काही नाही.

सॉरी म्हणतेय. खरंच रडतेय. म्हणते, तू सगळ्यांत आवडली होतीस. म्हणते, लिही, लिहून घे, मी थांबते —

बोटं वळत नाहीत. तिनं पेनासकट माझा हात धरलाय. किती ऊबदार आहे तिचा हात. ही ऊब मी ओळखते. ही तर माझी —