फक्त दर्दी सभासदांसाठी

३ जून. सकाळ.
निर्णय पक्का. माझ्या जुन्या घड्याळांच्या फोरमवर फुकट प्रवेश बंद. नऊ वर्षं पोसला, आणि जमलं कोण? नुसता बाजार. काल एका शिंप्याने विचारलं, लंबकाचं घड्याळ तिरकं टांगलं तर थांबतं का. डिलीट केलं. फी लावली की असली जनता गळेल, क्वालिटी उरेल.

५ जून.
बायकोची कटकट. डायनिंग टेबलवरचं घड्याळ कधी उचलणार? तिच्या बाबांचं आहे. घराला रंग दिल्यावर मी परत टांगलं, तेव्हापासून चालेना. निदानासाठी उतरवलं, त्याला आठ महिने झाले. निदान घाईत होत नसतं. सासरे पंचवीसला येणार. त्यांना आता नीट दिसत नाही, टोल्यांवर वेळ ओळखतात. ठीक आहे, त्याआधी करतो. रोज एक तास, सक्तीने.

६ जून.
तास नियमावली लिहिण्यात गेला.

१० जून.
फी जाहीर केली. चारशे सभासद, एकाचंही उत्तर नाही. भारावले असणार.

१२ जून.
शिंप्याने फुकट ग्रुप काढला. सगळे तिकडे पळाले. लायकी दाखवली! फोरम कसा स्वच्छ झाला. मेहुणा म्हणाला, स्वच्छ नाही, रिकामा. त्याला काय कळतंय? वेळ फोनवर बघणारा माणूस.

१५ जून. दुपार.
आला! पहिला सशुल्क सभासद. टोपणनाव 'लंबक'. अख्ख्या वर्षाची फी एकदम. असा एक दर्दी त्या चारशेंना भारी आहे. बायकोला सांगितलं. ती नुसतं 'वा' म्हणाली. कौतुक करायलाही दृष्टी लागते.

१७ जून.
लंबकाचा प्रश्न आला. घरातल्या एकाने वडिलांचं घड्याळ कित्येक महिने टेबलावर टाकून ठेवलंय, ना दुरुस्त करतो ना कुणाला हात लावू देतो, काय करावं? वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. असल्या नगांमुळेच छंद बदनाम होतात. स्पष्ट लिहिलं: तो माणूस घरात नसताना घड्याळ उचला आणि ज्याला खरंच कळतं त्याच्या हाती द्या. लंबकाने लगेच आभार मानले. याला म्हणतात क्वालिटी चर्चा.
आजचा तास यातच गेला.

१९ जून. संध्याकाळ.
ऑफिसातून आलो तर टेबल मोकळं. घड्याळ भिंतीवर, चालू. खालच्या कोपऱ्यामागे कागदाची घडी. बायको म्हणाली, त्या फुकट ग्रुपवर विचारलं, शिंपी स्वतः येऊन गेला, दहा मिनिटं लागली, बिघाड काहीच नव्हता, मी तिरकं टांगलं होतं. मी ओरडलो, कुणाच्या परवानगीने? तिने फोन पुढे केला. माझंच उत्तर.
लंबक म्हणजे ती. पैसे कशाला भरलेस, विचारलं. म्हणाली, घरात आठ महिने फुकट विचारत होते, उत्तर मिळालं नाही.

२५ जून.
सासरे आले. सहा वाजता डोळे मिटून टोले मोजले. हसले. कुणी दुरुस्त केलं, विचारलं. बायको म्हणाली, ह्यांच्या सल्ल्याने झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी माझा हात हातात घेतला.

२६ जून.
शिंप्याच्या ग्रुपचा फॉर्म उघडला. फक्त नजर ठेवण्यासाठी. प्रश्न एकच: आजवर स्वतः किती घड्याळं दुरुस्त केलीत?
रकाना रिकामा सोडून बघितला. पुढे जात नाही. शून्य टाकलं.
दोन मिनिटांत शिंप्याचा मेसेज आला: या, काही अडलं तर बिनधास्त विचारा.